भावजींचा घोडा

रंगारी ज्या दुपाखी शिडीवर चढून छत रंगवतात, तिला आपण घोडा म्हणतो. हा घोडा दाणा मागत नाही, लाथा झाडत नाही, उभा कराल तिथं मुकाट उभा राहतो. इतकं गरीब जनावर घरात आणायला माणसाला किती वेळ लागावा? माझ्या ताईच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भावजींना, अख्खा हिवाळा पुरला नाही.

भावजी वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू, तेलाची मापं, कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या तपासण्यात त्यांचा जन्म गेला. 'मापात पाप' हे दोन शब्द त्यांच्या जिभेवर असे बसले होते की चहा अर्धा कप आला तरी तेच आणि पाहुणे लवकर उठले तरी तेच. तपासणीत उतरलेल्या वस्तूला त्यांच्या खात्यात 'मापात आहे' म्हणत. घरातल्या कुठल्याही वस्तूच्या किंवा माणसाच्या नशिबी हे शब्द आल्याचं मला आठवत नाही. निवृत्त होताना खात्यानं त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. ते त्यांनी दुसऱ्याच दिवशी रेडिओच्या वेळेशी ताडून पाहिलं आणि मागं पडतं म्हणून परत नेऊन दिलं. असा गुणी माणूस आमच्या ताईच्या पदरात पडला.

ताई शिवणकाम करते. शाळांचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. तिचं मशीन इतकी वर्षं जिन्याखाली होतं. तिथं दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो आणि उठताना डोकं आपटतं. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं, शिवायचं तर भरपूर उजेडात शिवा, नाहीतर शिवण सोडा. घरी आल्यावर ती मशीनवर कापड टाकून नुसती बसून राहिली. हे बघून भावजींनी आयुष्यात पहिल्यांदा एक निर्णय झटक्यात घेतला: गच्चीवर ताईसाठी खोली बांधायची, उत्तरेला ही मोठी खिडकी ठेवून.

मला खरंच बरं वाटलं. पण झटक्यात निर्णय घेतल्याचा थकवा त्यांना पुढं बरेच दिवस राहिला.

गवंड्यानं भिंती उभ्या केल्या, स्लॅब टाकला. भावजींनी सगळ्या कामावर जातीनं देखरेख केली, पण अंगणातून, मान वर करून. वर गेलेच तर जिन्याच्या भिंतीला खांदा घासत जायचे. खिडकीला काच बसली, तशी गवंड्यानं ती रंगानं खराब होऊ नये म्हणून आतून प्लायवूडची भलीमोठी फळी ठोकली, खालपासून पार छतापर्यंत. झालं, अर्धीमुर्धी का होईना, खोली तयार. फक्त आतून रंग द्यायचा आणि फळी काढायची. हे काम आपण स्वतः करणार, असं भावजींनी जाहीर केलं. गवंडी जाताना म्हणाला, "साहेब, माझी बांबूची शिडी ठेवून जातो, काम झालं की निरोप द्या."

"बांबू किती वजन पेलतो, हे त्याच्यावर कुठं लिहिलंय?" भावजींनी विचारलं.

गवंड्यानं शिडी खांद्यावर टाकली आणि तो निघून गेला. शहाणा माणूस.

मग सुरू झाली घोडेखरेदी. बरोबर मी. ताईला दुकानाच्या पायऱ्या चढायला वेळ नव्हता आणि मेव्हणी हा प्राणी असल्या कामांसाठीच जन्माला येतो. पहिल्याच दुकानदारानं घात केला. नुसता घोडा दाखवायचा सोडून त्यानं चार तुकड्यांची, बिजागऱ्यांवर दुमडणारी शिडी काढली. "ही बघा साहेब. सरळ केली की शिडी, मधोमध दुमडली की घोडा. अशी आडवी केली, वर फळ्या टाकल्या की गवंड्यांची परांची. एक बाजू आखूड ठेवली की जिन्यावरसुद्धा उभी राहते. घडी केली की पलंगाखाली."

भावजींचे डोळे चमकले. एका वस्तूत चार वस्तू, म्हणजे चौपट तपासणी.

त्यानंतर शहरातलं हार्डवेअरचं एकही दुकान आम्ही सोडलं नाही. भावजी बिजागरीच्या फटीत कागदाचा कपटा घालून बघत. खटका बसताना 'टक्' असा आवाज आला पाहिजे. 'टुक्' आला तर शिडी नापास. मोजपट्टी काढून दोन पायऱ्यांमधलं अंतर मोजत. हल्ली त्यांची एक नवीनच गंमत झाली होती. पट्टी काढायची म्हटली की हात आधी छातीच्या डाव्या बाजूला जायचा, तिथं चाचपडायचा आणि मग पट्टी उजवीकडून निघायची. वय झालं, दुसरं काय, असं मी मनात म्हणायचे.

"ही पायरी बाकीच्यांपेक्षा केसभर खाली आहे," ते एका दुकानात म्हणाले.

"मग पाय केसभर खाली ठेवा," दुकानदार म्हणाला.

ते दुकान बाद.

शिडीवर दीडशे किलोची चिठ्ठी चिकटवलेली असली की भावजी हसत. चिठ्ठी काय, कुणीही चिकटवतो. "चढा," ते विक्रेत्याला म्हणत. एका चांगल्या गुबगुबीत विक्रेत्याला त्यांनी पाचव्या पायरीवर उभं करून तीन वेळा उड्या मारायला लावल्या. तो बिचारा उतरला तेव्हा त्याचा श्वास फुलला होता. स्वतः भावजी मात्र एकाही शिडीवर चढले नाहीत. निरीक्षकानं तराजूत बसायचं नसतं, असा बहुतेक नियम असावा.

आणि प्रत्येक दुकानात शेवटचा प्रश्न ठरलेला. "दोन माणसं एकदम चढली तर? एक इकडून, एक तिकडून?"

"साहेब, रंग द्यायचाय की सीसॉ खेळायचाय?" एकानं विचारलं. मी इतकी हसले की मला दुकानाबाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

हसू तिथंच संपलं. आम्ही घरी आलो तर शाळेच्या बाई आलेल्या, समोर गणवेशांचा गठ्ठा. काळ्या पँटींना ताईनं निळ्या दोऱ्यानं शिलाई मारली होती. सगळ्याच्या सगळ्या. जिन्याखालच्या दिव्यात तिला दोन्ही रिळं सारखीच दिसली होती. बाई चांगल्या होत्या, रागावल्या नाहीत. "पुढच्या वर्षीचं मग बघू," एवढंच म्हणाल्या. ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. त्या गेल्यावर ताईनं उसवायला घेतलं. प्रत्येक टाका डोळ्यांशी नेऊन बघत होती.

"पुढच्या वर्षीचं मीच नाही म्हणणार आहे," ती म्हणाली. "लोकांचं कापड नासायचं नाही."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

"भावजी, घोडं नेमकं कुठं पेंड खातंय?" मी विचारलं.

"खटक्यात," ते गंभीरपणे म्हणाले. "डाव्या बाजूचा खटका अजून कुणाचाच धड नाही."

"खड्ड्यात गेला खटका! रंग मागाहून द्या, फळी आधी काढा. टेबलावर स्टूल ठेवा नि चढा की!"

भावजींचा चेहरा एकदम उतरला. "स्टुलावर नाही," ते म्हणाले. "स्टुलावर कुणीही चढायचं नाही." आणि बाहेर निघून गेले.

त्यांनी दोनच दिवसांत शिडी आणली. दोन्ही बाजूंनी चढता येणारी, दोघांचं वजन पेलणारी, टक् वाजणारी. वाटलं, संपलं एकदाचं. पण खात्याची शिस्त अशी की वस्तू दुकानातून आली तरी तपासून शिक्का बसल्याशिवाय वापरायची नाही. भावजींनी वाळू आणली, स्वतः तोलून पोती भरली आणि अंगणात शिडीचा घोडा करून दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांवर ती बांधली. एक दिवस घोडा, एक दिवस परांची, मग जिना. रोज सकाळी उठून ते पट्टीनं मोजायचे, शिडी किती वाकली. शेजारी कुंपणाशी येऊन विचारायचे, पूर येणार आहे का?

ताई काहीच बोलत नव्हती. ती भांडते तेव्हा काळजीचं कारण नसतं. मी तिच्याबरोबर वाढले आहे, मला हे कळायला हवं होतं.

त्या दिवशी दुपारी भावजी अंगणात पोत्यांपाशी वाकले होते आणि मी त्यांना मनातल्या मनात वेड्यात काढत होते. तेवढ्यात वरून खिळा उपटल्याचा कर्र असा आवाज आला. पाठोपाठ दुसरा. भावजींनी वर पाहिलं, आणि त्यांच्या हातातली पट्टी गळून पडली.

ते पळाले. मी त्यांना पळताना पहिल्यांदा पाहिलं. वर खोलीत अंधार. खालचं कापायचं टेबल ताईनं कसं कोण जाणे वर नेलं होतं, त्यावर स्टूल आणि स्टुलावर ताई. हातात हातोडी. खालचे, मधले खिळे निघाले होते. ती भलीमोठी फळी आता वरच्या एका खिळ्यावर लोंबत होती आणि तिचा सगळा भार ताईच्या खांद्यावर आला होता. सोडावी तर फळी टेबलावर आदळणार आणि स्टूल उडणार. उतरावं तर हात मोकळा नाही. स्टूल थरथरत होतं.

"हलू नकोस!" भावजी ओरडले आणि आल्या पावली खाली गेले. मी टेबल घट्ट धरलं. खाली पोती दणादण पडल्याचे आवाज आले. तोलून, शिवून भरलेली पोती! मग जिन्यात धडपड. शिडीची घडी घेऊन ते वर आले आणि ती उघडू लागले. इतक्या दिवसांची तालीम, पण घाईत आधी ती सरळ झाली आणि छताला धडकली, मग आडवी पसरली. "टक्, टक्," ते स्वतःशीच म्हणत होते. तिसऱ्या खेपेला घोडा उभा राहिला.

आणि भावजी चढले. शिडी ते दोन्ही हातांनी असे कवटाळत होते की तिचाच श्वास कोंडावा. तिसऱ्या पायरीवर थांबले. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, डोळे घट्ट मिटलेले होते. अंगणातून मान वर करून देखरेख का केली, गुबगुबीत विक्रेत्याला का चढवलं, हे मला तिथं टेबल धरून उभी असताना कळलं. या माणसाला उंचीची भीती होती.

"अहो, उतरा तुम्ही," वरून ताई म्हणाली. "तुम्हाला चक्कर येते."

"म्हणून तर दोघांची घेतली," ते डोळे न उघडता म्हणाले. "मी एकटा चढू शकत नाही. तुला एकटीला चढू देणार नाही."

आणखी दोन पायऱ्या चढून त्यांनी हात वर केला, चाचपडत फळी धरली. ताईनं खांदा सोडवला, स्टुलावरून पलीकडच्या पायरीवर पाय टाकला. दोघं समोरासमोर आली, मध्ये घोड्याची पाठ. शिडी जागची हलली नाही. ताईनं हातोडीनं शेवटचा खिळा उपटला, दोघांनी फळी खाली सरकवली आणि मी ती ओढून घेतली.

उत्तरेचा उजेड भसकन आत आला. त्या खोलीत इतका उजेड आहे, हे आम्हालाही माहीत नव्हतं. ताईनं डोळे चोळले. समोर हातभर अंतरावर भावजींची छाती होती आणि तिनं स्वतः शिवलेला रेघांचा शर्ट. ती बघतच राहिली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "याचा खिसा उजवीकडे लागलाय."

मीही पाहिलं. जिन्याखालच्या अंधारात तिनं कापडाची उलटी बाजू सुलटी समजून कापली होती. डावीकडे चाचपडून उजवीकडून पट्टी काढणारा तो हात माझ्या डोळ्यांसमोर आला.

"हिवाळ्याच्या आधीचा आहे हा," ताई म्हणाली. "तुम्ही बोलला का नाहीत?"

पायरी केसभर खाली म्हणून दुकानं बाद करणाऱ्या, घड्याळ परत करणाऱ्या आमच्या भावजींनी तेव्हा कुठं डोळे उघडले. खाली अजिबात न बघता, सरळ ताईच्या चेहऱ्याकडे पाहत ते म्हणाले, "त्यात काय बोलायचं? मापात आहे."