ताईची बॅग बंद होईपर्यंत

माझी ताई चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती, त्यामुळे आमच्या घरात मोजल्याशिवाय काहीच झालं नाही. कपडे मोजून वाळत घालायचे, मोजून काढायचे. सहलीला गेलो तर निघताना डबे, चमचे, बाटल्या मोजायच्या आणि परत येताना पुन्हा मोजायच्या. शाळेत असताना मला याचा इतका वैताग यायचा की एकदा मी मुद्दाम एक चमचा बागेतल्या मातीत पुरून ठेवला. चमचा सापडेपर्यंत ताईने सगळ्यांना दीड तास तिथेच बसवून ठेवलं. शेवटी मीच तो ‘सापडवला’. कोणी पुरला, हे तिने विचारलं नाही.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि ताई अठराची. वडील होते, पण ते असून नसल्यासारखेच. ताई नर्सिंगचं शिकत होती. सकाळी माझा डबा करून जायची आणि संध्याकाळी येऊन माझ्या वह्या तपासायची. पुढे माझं लग्नही तिनेच लावून दिलं, आणि चार वर्षांनी ते मोडलं तेव्हा माझं सामान आणायला तीच गेली, हातात यादी घेऊन. तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. का राहिलं, हे विचारायची हिंमत मला कधी झाली नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं.

आता मी एकोणपन्नासचा आहे. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करतो. रोज सकाळी चहाबरोबर रक्तदाबाची गोळी माझ्या बशीत ठेवली जायची आणि मी ती निमूटपणे गिळायचो. ताई निवृत्त झाली तेव्हा मनात म्हटलं, चला, आता ही दिवसभर घरात असेल. पंधरा दिवसांनी जेवताना भाजी वाढता वाढता तिने सांगितलं, “मी आफ्रिकेत चालले आहे. वर्षभरासाठी.”

तिच्या जुन्या हॉस्पिटलमधल्या एक डॉक्टरीणबाई तिकडच्या एका उष्ण देशात हॉस्पिटल चालवतात. नवं थिएटर उभं राहिलं होतं, आठ नव्या नर्स भरती झाल्या होत्या आणि त्यांना शिकवायला कोणीतरी मुरलेलं माणूस हवं होतं. ताईने मला न विचारता होकार कळवून टाकला होता. मी भाजीला नावं ठेवली आणि पानावरून उठलो.

मग तिच्या पलंगावर बॅग उघडी पडली ती तीन आठवडे तशीच. ताईची बॅग भरायची पद्धत थिएटरमधल्या ट्रेसारखी: जे आधी लागणार ते सगळ्यात वर. म्हणून सर्वांत वर मच्छरदाणी, कारण पहिल्याच संध्याकाळी ती बांधायची होती. तिच्याखाली टॉर्च आणि डास पळवायचं मलम. मग फिक्या रंगाचे, लांब बाह्यांचे सुती कपडे, गुंडाळ्या करून. पावसाळी जाकीट, कापडी टोपी, हिवतापाच्या गोळ्या, जुलाबावरची पाकिटं. बुटांच्या आत मोजे, पण मोजे वेगळे मोजायचे. बॅगेतल्या पंचावन्न आणि पर्समधल्या नऊ, अशा चौसष्ट वस्तू. यादी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली.

मीही माझ्या परीने हातभार लावत होतो. म्हणजे रोज दुकानातून येताना काहीतरी घेऊन यायचो: डझनभर साबण, मेणबत्त्या, सापांना पळवणारी म्हणून विकलेली एक पूड.

“धाकट्या,” ताई म्हणाली, “तिथे माणसं राहतात. साबणाने आंघोळ करतात. दुकानंही आहेत.”

“आणि साप?”

“साप इथेही आहेत. तुला या वयात फसवून पूड विकणारा बघ की.”

मी चिडलो. खरं सांगायचं तर मला सापांची काळजी नव्हतीच. काळजी होती ती रोज संध्याकाळी कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरायची. हे तिला सांगणं माझ्या जिवावर आलं आणि मी पूड परत करायला गेलो.

विमान गुरुवारचं होतं. रविवारी संध्याकाळी ताई शेजारी निरोप घ्यायला गेली. मी तिच्या खोलीत उगाच उभा होतो. पर्स उघडी होती आणि वरच ते छोटं पिवळं पुस्तक दिसत होतं. पीतज्वराची लस घेतल्याची नोंद त्यात होती. ते नसेल तर विमानातच बसू देत नाहीत, हे ताईनेच मला सांगितलं होतं, आणि दुसरं काढायचं तर आठ-दहा दिवस लागतात हेही. मी ते उचललं आणि माझ्या कपाटाच्या खालच्या खणात, तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली सरकवलं. दुसऱ्या कोणी केलं असं भासवायला, वडील गेल्यापासून घरात तिसरं माणूसच नव्हतं. एवढी साधी गोष्ट त्या क्षणी माझ्या डोक्यात आली नाही.

सोमवारी सकाळी मोजणी झाली. त्रेसष्ट. तिने पुन्हा मोजलं. मी चहाच्या कपात तोंड खुपसून बसलो.

“लसीचं पुस्तक नाही,” ती म्हणाली.

“असेल इकडेतिकडे.”

“असेल,” ती म्हणाली आणि माझ्या बशीत गोळी ठेवली.

मी दुकानात गेलो. त्या दिवशी एका बाईंची डावी काच उजवीकडे बसवली आणि मालकांची बोलणी खाल्ली. संध्याकाळी घरी आलो तर घर लखलखीत होतं. ताईने पुस्तक शोधता शोधता सगळं घर आवरून काढलं होतं. “सापडलं?” मी विचारलं. “मोजणी अजून जुळलेली नाही,” ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी माझी मलाच लाज वाटली.

मंगळवारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. ताई स्पीकर लावूनच बोलते. त्या आनंदाने सांगत होत्या की नव्या नर्स मुलींनी ताईची खोली झाडून ठेवली आहे आणि खिडकीला नवी जाळी बसवली आहे. मागून एकीने ताईला हाक मारून काहीतरी विचारलं. आल्यावर पहिल्या दिवशी काय शिकवणार, असं ती विचारत होती.

“मोजायला,” ताई म्हणाली. विमानाचं ती काही बोलली नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ ती पलंगाच्या कडेला बसून राहिली, उघड्या बॅगेवर हात ठेवून. इतक्या वर्षांत मी तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

“पुस्तक नाहीच मिळालं तर?” मी दारातूनच विचारलं.

“तर बॅग बंद होणार नाही. थिएटरात गॉजची एक घडी जरी कमी भरली तरी टाका घालू देत नाही मी. डॉक्टर कितीही मोठा असो.”

“मग काय करता तुम्ही?”

“मधे रिकामा ट्रे ठेवतो. प्रत्येकाने आपापलं बघायचं, कोपरे, बादल्या, खिसे. ज्याला सापडेल त्याने गुपचूप ट्रेमध्ये ठेवायचं. कुठे होतं, कोणाच्या हातून गेलं, हे विचारायचं नाही.”

“का? विचारायला काय झालं?”

“विचारलं की पुढच्या वेळी माणूस लपवतो. मग पेशंट जातो.”

बुधवारी सकाळी तिने स्टीलचा एक रिकामा ट्रे जेवणाच्या टेबलावर ठेवला. “मी आंघोळीला जाते,” ती म्हणाली. “आज केस धुणार आहे, वेळ लागेल.” दार लागलं, पाण्याचा आवाज आला. मी त्या ट्रेकडे बघत बसलो. मला चमचा आठवला. फोनमागची ती मुलगी आठवली. आणि रोज पहाटे उठून माझा डबा करणारी अठरा वर्षांची ताईही आठवली, जिला तेव्हा कोणी विचारलं नव्हतं की तुला कुठे जायचं आहे. मी खोलीत गेलो, खण अर्धा ओढला, न बघताच कागदाखाली हात घातला आणि पुस्तक आणून ट्रेमध्ये ठेवलं.

ती केस पुसत बाहेर आली. ट्रे उचलून खोलीत गेली. तिचा मोजण्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. “चौसष्ट,” ती मोठ्याने म्हणाली, आणि बॅगेची चेन करकरत बंद झाली. मी नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली.

गुरुवारी तिला सोडून घरी आलो. फ्रिजवर चिठ्ठी होती: ‘गोळ्या तुझ्या खालच्या खणात.’ खण पूर्ण ओढला. एका डबीत गोळ्या, वर तिच्या अक्षरात ‘नव्वद, रोज सकाळी एक’. डबी उचलली तेव्हा खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर नजर गेली. कागद कोरा करकरीत होता, नव्याने अंथरलेला. तारीख सोमवारची होती.

पुस्तक मी रविवारी ठेवलं होतं.

म्हणजे सोमवारीच तिने जुना कागद काढला होता, खाली पुस्तक पाहिलं होतं, नवा कागद अंथरला होता आणि पुस्तक होतं तिथेच पुन्हा ठेवलं होतं. उचलून पर्समध्ये टाकायला तिला कोणी अडवलं नव्हतं. तरी ती बुधवारपर्यंत थांबली. मी परत देईन की नाही, हे तिला माहीत नव्हतं. मी जमिनीवर बसलो आणि पोरासारखा रडलो.

शुक्रवारी दुपारी तिचा फोन आला.

“धाकट्या, पोचले. मोजलं. सगळं आहे.”

“ताई, ते पुस्तक मी—”

“विचारलं का मी?” ती म्हणाली. “गोळी घेतलीस?”

“घेतली.”

“नक्की?”

“मोजल्यात,” मी म्हणालो. “एकोणनव्वद राहिल्यात.”