चाक मोठं नाही, गाडीच धाकली

सीटचं जुनं कव्हर फाडलं की खालून काय काय निघतं! शेंगांची टरफलं, हेअरपिना, पोरांनी अर्धवट चोखून चिकटवलेल्या गोळ्या. एकदा तर अख्खी कवळी निघाली होती, आणि ती न्यायला आजतागायत कोणी आलेलं नाही. किस्सेही असेच साचतात. कोणी मुद्दाम ठेवत नाही, माणसं उठून जातात आणि खाली राहतात ते किस्से.

माझं जळगावला अजिंठा चौफुलीच्या पुढे सीटकव्हरचं दुकान आहे. शेजारी गोकुळआबाचं टायरचं दुकान. आबा धरणगावकडचा. सगळी हयात ट्रॅक्टरची आणि केळीच्या गाड्यांची चाकं बसवण्यात गेलेली, त्यामुळे चाक मोठं असणं हा दोष असू शकतो हे त्याला मान्यच नाही. मला विचाराल तर माझा धंदा बसणाऱ्या माणसांशी. माणूस उठल्यावर फोम किती सावकाश वर येतो ते बघून मी त्याचं वजन सांगतो. ही कला पुढे कामाला येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवली.

तर हे किस्से पुखराजशेठच्या लाल गाडीचे.

*

गाडी विलायती, दोनच सीटची, उघड्या टपाची, तारांच्या चाकांची. शेठजींनी ती तरुणपणी इंदूरहून आणली होती. त्यांचा मुलगा नीलेश डाळमिल बघतो, आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर गाड्या बघतो. एक दिवस तो पुण्याहून चार काळीकुळकुळीत अलॉय चाकं घेऊन आला. म्हणाला, गाडीला मॉडर्न लुक द्यायचाय.

आबाने एक चाक गाडीला टेकवून पाहिलं. ते मडगार्डच्या वर डोकं काढून उभं राहिलं. मी म्हटलं, "आबा, चाक मोठं आहे."

आबा दोन पावलं मागे सरला, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "चाक मोठं नही शे भाऊ, गाडीच धाकली शे. काळजी करू नको, बठ्ठं बसी जाई." म्हणजे सगळं बसेल.

मग त्याने मधे लोखंडी चकत्या घातल्या, मडगार्डच्या कडा हातोडीने आत वळवल्या आणि चाकं बसवली. नीलेशने फोटो टाकले, लोकांनी आगीची चित्रं पाठवली. काढलेल्या तारांच्या चाकांपैकी तीन आबाने माळ्यावर टाकली. चौथं दुकानाच्या भिंतीवर टांगलं आणि खाली लाल रंगात लिहिलं, 'येथे सर्व चाके बसवून मिळतील'.

*

दसऱ्याला गाडीची पूजा. शेठजींनी चाकं पाहिली. झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. लिंबं होती कच्ची, दगडासारखी. नीलेशने गाडी पुढे घेतली. डावं चाक लिंबावर चढलं, वर मडगार्डला जाऊन भिडलं आणि तिथेच अडकलं. पुढे होईना, मागे होईना. लिंबू खाली शाबूत.

आम्ही चौघांनी गाडी उचलून खाली उतरवली. शेठजींनी लिंबू उचलून हातात घेतलं.

"नजर लागू नये म्हणून लिंबू ठेवतात," ते म्हणाले. "या गाडीला लिंबाचीच लागली."

*

आता पाडव्याचं सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

शेठजी वर्षातले सगळे दिवस मिलच्या गादीवर. शेठजींच्या पत्नी, आमच्या काकी, घरात. पण दिवाळीच्या पाडव्याला शेठजी स्वतः गाडी काढायचे, काकींना शेजारी बसवायचे आणि मेहरूणच्या तलावापर्यंत एक चक्कर मारून आणायचे. लग्न झाल्यापासूनचा रिवाज. काकी त्या दिवशी डोक्यावरचा पदर हनुवटीखाली बांधून घ्यायच्या, वाऱ्याने उडू नये म्हणून. वर्षातून ती एकच चक्कर होती त्यांची.

त्या पाडव्याला काकी पदर बांधून तयार. शेठजी बसले. शेठजी चांगले भरल्या अंगाचे. ते बसले तशी गाडीही बसली. मागचं मडगार्ड टायरवर टेकलं, क्लच सोडला की इंजिन बंद. तीनचारदा तेच झालं. आम्ही फराळाला आलो होतो, भिंतीला लागून उभे होतो. वजनाचं कोण सांगणार? नीलेश म्हणाला, "पप्पा, क्लच गेला वाटतं." आबानेही गंभीरपणे मान डोलावली.

शेठजी उतरले. नीलेश घाईघाईने आत बसला आणि तीच गाडी, क्लच गेलेली, झोकात फाटकाबाहेर घेऊन गेला.

शेठजी ती वळेपर्यंत बघत राहिले. काकींनी हनुवटीखालची गाठ सोडली आणि आम्हाला आणखी करंज्या हव्यात का विचारलं. 

*

जुनी चाकं परत बसव, असं मी नीलेशला सांगून पाहिलं. तो म्हणाला, फोटो किती लोकांनी पाहिले ते बघितलंस ना? आता परत बसवली तर तोंड कुठे लपवू? आबाला म्हटलं, तर तो भिंतीवरच्या पाटीकडे बघायला लागला. इभ्रत दोघांचीही अडकली होती, त्यामुळे शेठजी आणि काकी अडकले.

एवढं मात्र ठरलं की नीलेशशेजारी हलकाच माणूस बसवायचा. जड माणूस बसला की टायर घासून जळका वास यायचा. आबा बाद झाला. उरलो मी. आयुष्यात कुणी मला गाडीत पुढे बसवलं नव्हतं, आता लोक रस्त्यात थांबून बघायला लागले.

मी घरी ऐटीत सांगितलं. बायको परातीत भाकरी थापत होती. म्हणाली, "मग आजपासून भरीत बेताने खा. ही एवढीच ओळख आहे तुमची, तीही जायची."

*

चाकं मोठी म्हणजे मीटर खोटा. काटा पन्नास दाखवायचा आणि गाडी त्याच्या कितीतरी पुढे असायची. शेठजींची सक्त ताकीद होती, पन्नासच्या वर जायचं नाही. नीलेश छातीवर हात ठेवून सांगायचा की मी कधी जात नाही, आणि मीटरच्या दृष्टीने ते खरंच होतं.

एकदा आम्ही रावेरला गेलो. वाटेत केळीचा एक ट्रक आम्ही असा मागे टाकला की त्याचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा विसरला. पुढे चहाच्या टपरीवर त्याने आम्हाला गाठलं. वाटलं, आता भांडण होणार. नीलेशने आधीच सारवासारव केली, की बाबा, मीटर बघ, पन्नासच्या वर गेलोच नाही, जळगावच्या आबाने मोठी चाकं बसवलीत म्हणून असं होतं.

ड्रायव्हरने खाली वाकून चारही चाकं नीट न्याहाळली. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "आमना मालकनी बी पन्नासनीच अट शे. आबानं दुकान कथं शे?"

*

तिसरा रोग असा, की गाडी डावीकडे वळायची नाही. डावीकडे स्टिअरिंग घेतलं की टायर आतल्या सळईला अडायचा. उजवीकडे लोण्यासारखी.

नीलेशची आत्या धुळ्याला राहते. धुळ्याच्या जुन्या गल्ल्या म्हणजे पाटीवर आखलेल्या रेघा, सरळ उभ्या आणि सरळ आडव्या. आत्याच्या गल्लीत शिरायचं तर डावीकडे वळणं भाग. नीलेश म्हणाला, काळजी नको. सरळ पुढे जाऊ, मग तीन वेळा उजवीकडे वळू, की आपोआप तिच्या गल्लीसमोर येतो. हिशोब बरोबर होता. पण समोर आलो की कधी हातगाडी आडवी, कधी म्हैस. मग पुन्हा फेरी. तो चौकोन मारुतीच्या देवळाचा होता आणि वार शनिवार. तिसऱ्या फेरीला ओट्यावरच्या बायका आम्हाला हात जोडायला लागल्या.

आत्या गॅलरीत उभी राहून सगळं बघत होती. आम्ही पुन्हा खालून गेलो तशी ती वरून म्हणाली, "नीलेश, किती प्रदक्षिणा घालायचा नवस आहे तेवढं सांग, त्या बेताने चहा टाकते."

*

आता शेवटचा.

पाऊस सरत आला आणि पर्युषण, जैनांचं उपासाचं पर्व, आलं. शेठजींनी त्या वर्षी अठाई केली. आठ दिवस अन्न नाही, फक्त उकळलेलं पाणी. या वयात कशाला, असं सगळ्यांनी म्हटलं, पण ते नुसते हसायचे. मी रोज संध्याकाळी भेटायला जायचो. ते उठले की मी सवयीने गादीकडे बघायचो. फोम दिवसेंदिवस लवकर वर यायला लागला होता.

पारण्याच्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं. धुळ्याची आत्या आली होती. काकींनी मुगाचं पाणी वाटीत काढलं. शेठजी म्हणाले, "इथे नाही. तलावावर. हिच्या हातून. पाडव्याची चक्कर राहिलीय."

नीलेशचा चेहरा उतरला. पप्पा, अंगात ताकद नाही, मी चालवतो, म्हणाला.

"तू चालवलीस तर ही कुठे बसेल?" शेठजी म्हणाले. "गाडी दोघांचीच आहे."

आम्ही धावलो. स्टेपनी काढली, जॅक काढला, हत्यारांची पेटी काढली, टपाचं कापड काढलं. बापाने अन्न सोडलं होतं, आम्ही गाडीला सोडायला लावलं. शेठजी बसले. मी मागे वाकून बघितलं, टायरच्या वर दोन बोटं जागा. काकी वाटीवर झाकण ठेवून, पदर हनुवटीखाली बांधून बसल्या. एक बोट उरलं. आबाने डोळे मिटून घेतले.

शेठजींनी क्लच सोडला आणि गाडी निघाली!

आम्ही मोटारसायकलींवर मागे. तलावाकडे जायला चौकात डावीकडे वळावं लागतं, आणि ते शेठजींना आमच्यापैकी कोणी सांगितलेलंच नव्हतं. नीलेश मागून हात हलवत ओरडत होता. शेठजींनी मागे पाहिलं नाही. ते चौकातून सरळ पुढे गेले, मग उजवीकडे वळले, पुन्हा उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, आणि शांतपणे चौक ओलांडून तलावाच्या रस्त्याला लागले. नीलेशचा हात हवेतच राहिला. आत्याने धुळ्याचा किस्सा घरी सांगितला होता तर.

तलावाच्या काठी काकींनी चमच्याने मुगाचं पाणी पाजलं. शेठजींनी डोळे मिटून ते घेतलं. माझे डोळे भरून आले, लपवत नाही. नीलेशने पायावर डोकं ठेवलं, "मिच्छामि दुक्कडम् पप्पा" म्हणून माफी मागितली आणि तिथेच मुसमुसून रडला. शेठजींनी त्याच्या डोक्यावर हात फिरवला, वाटी संपवली आणि काकींना घेऊन पुन्हा गाडीत बसले.

चावी फिरवली. क्लच सोडला. इंजिन बंद. पुन्हा चावी, पुन्हा बंद.

मी खाली वाकलो. टायरच्या वर अजून एक बोट जागा होती, म्हणजे अडत काहीच नव्हतं.

शेठजींनी स्टिअरिंगवर हात ठेवला आणि आबाकडे बघून म्हणाले, "आबा, क्लच परत गेला वाटतं. ते भिंतीवरचं चाक काढून आण."