लाल गाडी, हिरवी गाडी आणि मेहुण्याचं बोट

माझ्या मेहुण्याची कोणी तारीफ केली की माझ्या पोटात दुखतं. बायकोला हे ठाऊक आहे, आणि तारीफ बहुतेक वेळा तीच करते. धाकटा भाऊ ना तिचा! तो घिवलीला होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. मी बोईसरला वीस वर्षं गॅरेज चालवतोय, पण सासुरवाडीत मिक्सर बिघडला तरी हाक त्यालाच.

म्हणून औद्योगिक वसाहतीतल्या एका शेठनी आपल्या दोन जुन्या गाड्या बघायला बोलावलं, तेव्हा मी हरखलो. शेडमध्ये पोचलो तर हा आधीच हजर! शेठच्या बोटीचं इंजिन म्हणे तोच बघतो.

गाड्या दोन्ही विलायती, दोन दारांच्या, शर्यतीच्या घाटाच्या, माझ्यापेक्षा वयाने मोठ्या. लाल होती ती इटलीची. तिचं इंजिन सुरू केलं आणि माझ्या अंगावर काटा आला. हिरवी इंग्लंडची, लाकडी स्टिअरिंगची. रंगाचे पोपडे निघालेले, पण इंजिनवरचा नंबर मूळ कागदाशी जुळत होता. जुन्या गाड्यांचे शौकीन अशा जुळणीवर जीव टाकतात.

शेठ म्हणाले, "मला एकच ठेवायचीय. कुठली, ते तुम्ही सांगा. जो पटवून देईल, त्याच्याच हाती त्या गाडीचं काम कायमचं."

मला ते काम हवंच होतं. रिक्षांचे क्लच बदलून बदलून जीव विटला होता.

मी खिशातलं लोहचुंबक काढलं. पत्रा कुजला की पुट्टी भरून वर रंग मारतात, आणि पुट्टीला चुंबक चिकटत नाही. लालच्या बॉनेटला, छताला ते टकाटक चिकटलं. दाराखाली घसरलं, तिकडे मी काणाडोळा केला. हिरवीला मात्र कुठेच चिकटेना. शेठ फोनवर बोलत बाहेर गेले होते.

"हिरवी म्हणजे नुसती पुट्टी आहे," मी मेहुण्याला ऐकवलं. "येऊ दे शेठना."

त्याने हिरवीच्या बॉनेटच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटावर पांढरी भुकटी होती.

"भावजी, खाऱ्या वाऱ्यानं लोखंडाला तांबडा गंज येतो. ही पांढरी हाय. आख्खी बॉडी ॲल्युमिनियमची हाय, हातानं ठोकलेली. पुट्टी लालच्या दाराखाली हाय." मग हळूच म्हणाला, "शेठना तुमीच सांगा."

मी सांगितलं. शब्दन् शब्द त्याचा. बोटसुद्धा तसंच फिरवून दाखवलं. शेठनी माझी पाठ थोपटली, आणि मेहुणा शेजारी उभा राहून मान डोलावत होता.

आता दर रविवारी हिरवी माझ्या हाताखाली असते. बायको म्हणते, "त्याला एकदा न्या ना बघायला." मी हो म्हणतो आणि नेत नाही. तो घरी येतो, जेवतो, गाडीचं नावही काढत नाही. त्याला जरा तरी जळू दे, असं मला फार वाटायचं. शेवटी परवा जेवताना मीच विचारलं, "तुला नको होतं का रे ते काम?"

"हवं होतं की," तो माशाचा काटा काढत म्हणाला. "पन शेठसमोर तुमचं हसं झालं असतं."

बायकोने त्याच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली. माझ्या पोटात पुन्हा दुखलं.