एक कॉम्प्युटर, दोन मालक

नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली, पण ही एक फिर्याद अजून लख्ख आठवते. पुण्यात तेव्हा घरोघरी कॉम्प्युटर येऊ लागले होते. अमरावतीकडून शिकायला आलेली एक मुलगी आमच्या पोलीस ठाण्यात आली. सदाशिव पेठेतल्या ज्या क्लासमध्ये ती शिकवायची, तिथल्या सरांनी तिचा कॉम्प्युटर दाबून ठेवला होता. त्यात लहान मुलांना मराठी अक्षरं शिकवणारा तिचा प्रोग्राम होता आणि सर तो स्वतःच्या नावावर शाळांना विकायला निघाले होते.

कॉम्प्युटर तिने सुटे भाग जोडून बनवलेला, त्यामुळे पावती नव्हती. तेवढ्यात खबर आली की कसबा पेठेतल्या एका दुकानात कुणी सर डिस्कचं पासवर्डचं कुलूप तोडून मागत आहेत. आम्ही पंचनामा करून यंत्र जप्त केलं, मूळ डिस्क सील केली आणि तिची नक्कल यंत्राला जोडून दोघांना बोलावलं.

"अहो, कॉम्प्युटर माझाच आहे. पासवर्ड विसरणं हा गुन्हा असेल, तर करा अटक," सर म्हणाले.

"मग चालू करून दाखवा."

त्यावर दोन प्रणाली होत्या; सुरू होताच यंत्राने विचारलं, विंडोज की लिनक्स? सरांनी विंडोज निवडलं. त्या बाजूने लिनक्समधलं कुलूपबंद पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तो भाग, कोरंच दिसतं. 'फॉरमॅट करायचं का?' असा प्रश्न आला आणि सरांचा माउस बेधडक 'हो'कडे निघाला. मी त्यांचा हात धरला. स्वतःची मेहनत कुणी अशी पुसायला निघत नाही.

मग मुलीने लिनक्स सुरू केलं. पासवर्ड बरोबर पडला, की पार्टिशन माउंट होऊन फोल्डरसारखं उघडणार होतं. दोनदा चुकला.

"हिला धड मराठी बोलता येत नाही, ही अक्षरं शिकवणार!" सर हसले.

मुलगी रडकुंडीला आली. "साहेब, आई म्हणते तेच वाक्य आहे. का चुकतंय?"

"आई म्हणते तसंच टाका. पुणेरी नको."

ती क्षणभर थांबली, स्वतःशीच हसली आणि भराभर टाइप केलं.

"उघडलं न वो सायेब!"

पडद्यावर तिचा प्रोग्राम होता. सरांचा चेहरा उतरला आणि थोड्या वेळाने त्यांनी सगळं कबूल केलं. मला त्या पोरीचा फार अभिमान वाटला.

एसटीत बसवताना आई तिला म्हणाली होती, 'डोये पूस माय.' तोच पासवर्ड. आमच्यासमोर मात्र ती दोन्ही वेळा वऱ्हाडी 'डोये' सोडून पुणेरी 'डोळे' टाइप करत होती.

जबाब घेताना हवालदारानेही सवयीने 'डोळे' लिहिलं. सांगणाऱ्याचे शब्द सुधारायचे नाहीत, हा नियम मला पाठ होता, त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. मी ते खोडायला लावलं. हवालदाराने 'डोये' लिहिलं आणि मुलीने वाचून खाली सही केली.