डागमार, पेट्रा आणि ओडवारची सॅक

ओडवार श्केलब्रेडने उभं आयुष्य फेरीबोटीवर गाड्या लावण्यात घालवलं. ट्रक मधोमध, ट्रॅक्टर त्याच्या अंगाला, हलक्या गाड्या कडेला. एकदा तर त्याने पाद्रीबाईंनाच गाडी मागे घ्यायला लावली होती, कारण मागच्या सीटवर त्यांच्या धिप्पाड थोरल्या बहीणबाई विराजमान होत्या. बोट कधी तसूभर कलली नाही. पुढे फ्योर्डच्या खाडीखालून बोगदा झाला, बोट बंद पडली आणि ओडवार घरी आला.

त्यानंतर त्याने सगळं लक्ष पाठीवरच्या सॅककडे वळवलं. झोपायची पिशवी तळाला, जड सामान पाठीला चिकटून, हलकं बाहेरच्या अंगाला, आणि भार खांद्यांवर न येता कमरेच्या हाडांवर. इथवर कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. पण रविवारी डोंगरात गेल्यावर डाव्या खिशातल्या थर्मासमधली कपभर कॉफी प्यायली, की डावी बाजू हलकी झाली म्हणून तो त्या खिशात दगड टाकायचा. पुन्हा कॉफी, पुन्हा दगड. घरी येईपर्यंत थर्मास रिकामा आणि सॅक निघतानापेक्षा जड.

"कॉफी प्यायला गेला होतास की खाणीवर?" त्याची बायको गुनवोर विचारायची.

"दगडाला हसू नकोस. माझा पाठीचा कणा बघ, ओळंब्याच्या दोरीसारखा सरळ आहे."

दर उन्हाळ्यात दोघं डोंगरावरच्या कुरणातल्या आपल्या लाकडी झोपडीत राहायला जात. त्या वर्षी गुनवोरच्या मनात आलं, की वर ताजी अंडी हवीत, तेव्हा कोंबड्याही न्यायच्या. डागमार गुबगुबीत आणि शांत, पेट्रा काटकुळी आणि संशयी. गाडीरस्ता ओढ्यापाशी संपायचा. पुढची सगळी चढण पायीच होती.

"टोपलीत घालून हातात धरते मी," गुनवोर म्हणाली.

"एका हातात? म्हणजे तू सरळ दरीत जाशील."

ओडवारने सॅकच्या दोन्ही बाजूंना कापडी खिसे शिवले. डावीकडे डागमार, उजवीकडे पेट्रा आणि पेट्राची कसर भरून काढायला तिच्या पायाखाली मक्याचे दाणे. आरशासमोर उभं राहून त्याने दोन्ही खांदे पाहिले, चार दाणे काढले, दोन परत टाकले आणि मग स्वारी निघाली.

ओढा ओलांडून झाडी मागे पडली तसा ओडवार अचानक थांबला. एक पाय हवेत.

"काय झालं?"

"मी डावीकडे झुकतोय."

"वारा असेल."

"वारा नाही. डागमार बघ."

गुनवोरने खिशात हात घातला. हाताला ऊन ऊन अंडं लागलं. "अरे, हिने तर चालत्या पाठीवर अंडं घातलं!"

ओडवारचा चेहरा पडला. अंडं आता ठेवायचं कुठे? पेट्राच्या खिशात ठेवलं तर डावी बाजू हलकी आणि वर उजवी जड, म्हणजे दुहेरी घोळ. मधल्या कप्प्यात ठेवावं, तर डागमारकडचं वजन कमी होणार.

"तिच्याच खिशात राहू दे ना! जसं होतं तसंच झालं," गुनवोर म्हणाली.

"पोटात होतं तेव्हा ते पाठीला चिकटून होतं. आता बाहेरच्या अंगाला गेलंय."

"ओडवार, अंडं आहे ते!"

त्याने खूप विचार केला. शेवटी अंडं गुनवोरच्या टोपीत गेलं आणि डागमारचं वजन भरून यावं म्हणून ओडवार दगडावर बसून तिला दाणे भरवू लागला. डागमार तोंड फिरवायची. पेट्राने मात्र मान लांब करून तिच्या वाटणीचे दाणे मटकावले आणि उजवी बाजू आणखी जड केली.

"हिला आवर!" तो ओरडला. "मुद्दाम करतेय!"

ते झोपडीत पोचले तेव्हा ओडवार विळ्यासारखा वाकडा झाला होता आणि गुनवोर टोपीत अंडं घेऊन, हसून हसून, पायरीवर कोसळली होती.

खरी पंचाईत पुढेच झाली. कोंबड्या खिशातून बाहेर यायला तयार होईनात. ओढून काढल्या, तर दोघी सॅकभोवती घुटमळत आणि परत आत शिरत. खुराड्यात दोन दिवस कोंडल्या, पण अंड्याचं नाव नाही. तिसऱ्या सकाळी ओडवारने वैतागून सॅक पाठीवर घेतली आणि झोपडीला एक फेरी मारली. डागमारने अंडं घातलं. दुसरी फेरी मारली, तशी पेट्रानेही.

तेव्हापासून रोज सकाळी नाश्त्याआधी ओडवार कोंबड्या पाठीवर घेऊन झोपडीभोवती फिरू लागला. पलीकडच्या कुरणातला मेंढपाळ ट्रिग्वे कुंपणाला रेलून म्हणायचा, "काय रे, कुणीकडे?"

"नाश्त्याला."

एकदा वाट चुकलेले तीन डॅनिश लोक तिथे आले. इथला रिवाज समजून तेही निमूटपणे त्याच्या मागे फिरू लागले. गुनवोरने सगळ्यांनाच ऑम्लेट दिलं. त्यांतला एक जण जाताना डोळे पुसत होता. का, ते त्यालाच ठाऊक.

ऑगस्टमध्ये ओडवारची कंबर धरली. पट्टा नीट होता, भार जागेवर होता, तरी धरली. ही गोष्ट त्याच्या फार मनाला लागली. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. गुनवोरने चुलीवर रिकामा तवा पाहिला, एक सुस्कारा टाकला आणि सॅक पाठीवर चढवली.

बराच वेळ ती परत आली नाही. तो भिंत धरत धरत दाराशी आला. ती तिथेच होती, फेऱ्या मारत. गाल लाल, पावलं अगदी जपून, दोन्ही हात पट्ट्यांवर.

"झाली ना अंडी? उतरव आता," तो म्हणाला.

"उतरवत नाही. बरं वाटतंय."

"कमरेचा पट्टा घट्ट कर मग. आणि पेट्राला जरा मागे—"

"ओडवार," ती न थांबता हळूच म्हणाली, "बोलू नकोस. ती अंडं घालतेय."