पायाळू होऊ नये म्हणून

आठव्या महिन्यात माझं पोट एवढं वाढलं होतं की आरमोरीहून ब्रह्मपुरीला जाताना वैनगंगेच्या पुलावर एसटी माझ्या बाजूला कलली. कंडक्टरनं मला उठवून मधल्या सीटवर बसवलं तेव्हा कुठं गाडी सरळ झाली. नवरा म्हणतो, गाडी कलली नव्हती, पुलावर खड्डा होता. तो माजरीच्या कोळसा खाणीत कामाला आहे. जमिनीच्या वर काय घडतं, ते त्याला जरा कमीच कळतं.

पहिलं बाळंतपण, म्हणून मी आरमोरीला माहेरी आले होते. माहेर म्हणजे मोठी आई, माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. माझी आई माझ्या पाठच्या बाळाच्या वेळी ऑपरेशनच्या खोलीत गेली ती बाहेर आलीच नाही. बाळही आलं नाही. तेव्हापासून मोठी आईनंच मला वाढवलं. तिनं सांगितलं असतं तर मी डोळे मिटून विहिरीत उडी टाकली असती, आणि विहिरीत पाणी आहे का, एवढंही विचारलं नसतं.

बाई तशी होतीच. विहारात वंदना झाली की तिचं भाषण ठरलेलं. गंडा नाही, दोरा नाही, नजर नाही, अंगात येणं नाही. आमच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातून देव निघाले, आणि उरलीसुरली भुतं मोठी आईनं काढली. एका जावयाच्या दंडावरचा ताईत तिनं भर पंगतीत तोडून तलावात फेकला होता. त्या तलावातले मासे वर्षभर आजारी पडले नाहीत, असं मी सांगत असते.

ब्रह्मपुरीच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या, "बाळाचं डोकं वर आहे, पाय खाली. अजून फिरू शकतं. नाही फिरलं तर ऑपरेशन."

ऑपरेशन हा शब्द ऐकला आणि मला त्या खोलीचं दार दिसलं. आईच्या मागून त्या दारातून मला आत जायचं नव्हतं. एवढंच मागणं होतं माझं.

त्याच गल्लीत अॅक्युपंक्चर करणाऱ्या एक बाई होत्या. डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, करून बघा, हरकत नाही. सुईवाल्या बाईंनी मला कुशीवर झोपवलं आणि केसाएवढ्या सुया टोचल्या. मी साळिंदर दिसत होते. पण पाठीचं ओझं उतरलं आणि मी अशी घोरले की बाहेर बसलेल्या बायकांना वाटलं, आत चक्की सुरू झाली. बाळ फिरावं म्हणून मात्र त्यांनी वेगळी वस्तू दिली. दवण्याच्या जातीचा कुठलासा पाला दाबून केलेली, अंगठ्याएवढी जाड कांडी. ती पेटवायची आणि पायाच्या करंगळीच्या नखापाशी, चटका बसणार नाही एवढ्या अंतरावर धरायची. रोज संध्याकाळी.

"खात्री देत नाही," त्या म्हणाल्या. "काहींचं बाळ फिरतं, काहींचं नाही. पण नेमानं करा."

आता माझ्या पोटापलीकडची माझीच करंगळी म्हणजे मला सिरोंचा. हात पोचेपर्यंत तेलंगण लागलं असतं. धरणार कोण? मोठी आई पदर खोचून पुढे आली. "मी धरतो न! तू फक्त पडून राह्य."

मग रोज दिवेलागणीला मी भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडायची आणि ती पायथ्याशी बसायची. धूर असा निघायचा की गल्लीतले डास धानोऱ्याच्या जंगलात राहायला गेले आणि वनखात्याचा माणूस वणवा कुठं लागला ते विचारायला आला. करंगळीला ऊब लागायची, मधेच जायची, मग मागून 'फुक् फुक्' असा आवाज यायचा आणि ऊब परत यायची. मला वाटायचं, बिचारी निखारा फुलवते आहे. पाय तिच्या हातात देऊन मी बोलत राहायची. आईबद्दल बोलायची. त्या दाराची भीती मी नवऱ्याला सांगितली नव्हती, ती तिला सांगितली. ती म्हणायची, "फिरते वो बाई, फिरते. काऊन घाबरतं?"

एका संध्याकाळी बाळानं आतून अशी लाथ मारली की मी न सांगता या कुशीवरून त्या कुशीवर वळले, आणि समोर मोठी आई दिसली. माझ्या करंगळीपाशी तिनं पेटलेली बिडी धरली होती. दुसरा हात पाठीमागे होता, आणि त्या हातातली दवण्याची कांडी तिनं स्वतःच्या कमरेला लावली होती. बिडी विझत आली म्हणून ती तोंडाशी नेत होती, तेवढ्यात आमची नजरानजर झाली.

"मोठी आई! काय करून राह्यली?"

"काई नाई. धरून राह्यली."

"माह्या पायाले बिडी? अन् कांडी कमरेले?"

"ऊबच पायजे न तुले? ऊब तं लागून राह्यली." मग तिनं बिडी खाली घेतली आणि आवाजही. "पायाळू लेकरू सगळ्यायच्या नशिबात नसते, पोरी. पायाकडून आलेल्या लेकरानं कमरेले एक लाथ मारली का उसण गायब. धानाची रोवणी करू करू माही कमर गेली. अन् घरात पायाळू येऊन राह्यलं, तं तू त्याले सुदं कराले निघाली!"

"तूच तं विहारात सांगतं, हे सारं झूट हाय म्हणून!"

"बाकीचं झूटच हाय. हे माह्या डोयानं पाह्यलेलं हाय."

देव गेले, भुतं गेली, ताईत तलावात गेला, आणि ही एक गोष्ट तिच्या कमरेत दडून बसली होती.

"माही आई कशी मेली, तुले मालूम हाय न?" मी विचारलं.

 तिच्या हातातली बिडी विझली, ती तिनं पुन्हा पेटवली नाही.

त्यानंतर शेजारची वहिनी कांडी धरायला लागली. बाळ फिरलं नाही. सुईवाल्या बाई म्हणाल्या, पहिल्यापासून नीट धरली असती तरी फिरलंच असतं असं नाही. खरं असेल. पण त्या खऱ्याचं मी काय करू? मी त्या दारातून आत गेले तेव्हा मोठी आई बाहेर बाकावर होती, आणि तिचा हात धरावा असं मला वाटलं नाही. त्या घडीला जगात माझं कुणीच नव्हतं. यात मी एक अक्षर वाढवून सांगत नाही.

मी बाहेर आले. मुलगी झाली. मोठी आईनं डॉक्टरीणबाईंना पहिला प्रश्न विचारला, "पाय पयले निघाले का डोस्कं?"

"पाय," त्या म्हणाल्या.

मग गल्लीत वाद पेटला. अर्ध्या बाया म्हणत, पायाळू ते पायाळूच, त्यांच्यावर वीज पडते, कडाडली की पोरीला घरात ठेवा. अर्ध्या म्हणत, पोट कापून काढलेलं पायाळू धरत नाहीत. मोठी आई कुठल्याच बाजूनं बोलली नाही. पोरगी चालायला लागायची वाट बघत राहिली.

मागच्या दिवाळीत मी माहेरी गेले तेव्हा मोठी आई अंगणात चटईवर पालथी पडली. मी पोरीला पाठवलं नाही, तिला कुणी सांगितलंही नाही. ती दुडुदुडु गेली, कमरेवर चढली आणि मोठ्या आनंदानं थयथय नाचली.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "गेली का उसण?"

"नाई," मोठी आई चटईत तोंड खुपसून म्हणाली. "काईच नाई झालं वो."

मला हसू यायला हवं होतं. ती हळूहळू उठून बसली, पोरीला मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे हात पुढे केला.

"चालून चालून सुजले तुहे पाय. दे इकडं, दाबून देतो."

"राहू दे," मी म्हणाले, आणि पाय साडीखाली ओढून घेतले.