इचिनेशिया आणि मंगलाष्टका

धाकट्या बहिणीचं लग्न उद्यावर आलं आणि माझा आवाज बसला. मी तेव्हा महाडला शाळेत शिकवत होते, नवरा कारखान्यात, बिऱ्हाड बिरवाडीत. पोलादपूरला माहेरी पोहोचले ती नाक पुसतच. आणि मंगलाष्टका म्हणणार होते मीच! स्वतः रचलेल्या, स्वतः चाल लावलेल्या.

आईनं आल्याचा काढा उकळायला ठेवला. अमेरिकेहून आलेल्या मावशीनं मात्र पर्समधून एक तपकिरी बाटली काढली.

"इचिनेशिया! सर्दीची चाहूल लागली की तिकडे सगळे हेच घेतात."

"कसली नेशिया?" आईनं विचारलं.

"फुलझाड असतं गं, जांभळ्या फुलांचं. त्याचा अर्क. प्रतिकारशक्ती वाढते."

बाबांनी चष्मा लावून बाटली फिरवली. "हे कुठल्याही रोगावरचं औषध नव्हे, असं लिहिलंय बारीक अक्षरात."

"ते लिहावंच लागतं, भाऊजी."

थेंब घातलेलं पाणी मी प्यायले आणि जिभेला अशा मुंग्या आल्या की मी जीभ बाहेर काढून नाचायलाच लागले. "मला पण!" म्हणत नवरी धावली. मग आईनं घेतलं. लाडू वळायला आलेल्या उमरठच्या काकूंनीही घेतलं आणि त्या घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "गो बाय, माझी जीभ जाग्यावर हाय ना? मला कळतच नाय!" आम्ही एकमेकींच्या जिभा बघत पोट धरून हसत होतो, तेवढ्यात बाबांनी बोलावलेले आमचे डॉक्टर दारात उभे. सगळ्या जिभा फटकन आत गेल्या.

डॉक्टरांनी बाटली हुंगली. "होमिओपॅथीवालेही देतात हे. सर्दी जरा लवकर हटते म्हणतात, पण खात्रीनं कोणी सांगू शकत नाही. थोडे दिवस घ्यायला हरकत नाही. मात्र झाड झेंडू-शेवंतीच्या कुळातलं आहे. त्या फुलांचा ज्याला त्रास होतो, त्यानं लांब राहावं."

"मी काय करू?" मी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"गप्प बस."

ते ऐकून आई इतकी हसली की काढा उतू गेला.

दुसऱ्या दिवशी अंतरपाट धरला आणि मी तोंड उघडलं. आवाज निघाला तो थेट कीर्तनकार बुवांचा! लोक माना वळवून कोण बुवा गातोय ते शोधू लागले. अंतरपाटाअलीकडे हसू दाबताना बहिणीचे खांदे गदगदा हलायला लागले. तेवढ्यात पलीकडून नवरदेव शिंकला. मग पुन्हा. शेवटी माझ्या 'सावधान'वर अशी बरोब्बर शिंक आली की अर्ध्या मांडवानं ते शेवटचंच समजून उरलेल्या सगळ्या अक्षता घाईघाईनं टाकल्या. गुरुजी ओरडले, "थांबा, अजून एक कडवं आहे!"

पंगतीत बहिणीनं बाटली नवरदेवापुढे केली. मावशीनं ती तिच्याकडे सोपवलीच होती. "घ्या, अमेरिकेचं आहे." तो झाकण उघडणार, तोच तिनं त्याचा हात धरला. "थांबा हं. झेंडूनं शिंका येतात का तुम्हाला?"

त्याचे डोळे लालभडक झाले होते. "लहानपणापासून. पण सगळ्यांनी इतक्या हौसेनं हार घातला, सांगायचं कसं?"

तिनं बाटली काढून घेतली आणि भर पंगतीत त्याच्या गळ्यातला हार उतरवून माझ्या नवऱ्याच्या गळ्यात टाकला. तिच्या सासूबाईच सगळ्यात मोठ्यानं हसल्या. बाबांनी डोक्यावरचं झेंडूचं तोरण तोडायला लावलं. जिलबी वाढेपर्यंत शिंका थांबल्या. पाठवणीला रडायची वेळ आली तेव्हा दोघी बहिणी एकमेकींकडे बघून फिसकन हसलो. आई म्हणाली, "कार्ट्यांनो, निदान पदर तरी लावा डोळ्यांना!"

पुढच्या आठवड्यात माझा आवाज सुटला. मावशी म्हणाली इचिनेशिया, आई म्हणाली काढा. डॉक्टर म्हणाले, सर्दी तेवढ्या दिवसांत आपली आपणही जाते. मी ते ऐकायलाही थांबले नाही. बिरवाडीच्या एसटीडी बूथवर धावले आणि बहिणीला फोन लावला.

"आता नीट म्हण," ती म्हणाली. "हे पण ऐकतायत."

मी काचेच्या खोक्यात उभी राहून खणखणीत आवाजात सगळ्या मंगलाष्टका म्हटल्या. दार उघडून बाहेर आले, तर रांगेत पाळी सुटलेले कामगार उभे. त्यातल्या एकानं हात जोडून विचारलं, "बाय, लगीन कुणाचं हाय?"